बाहेरचं काहीच खाल्लं नव्हतं

माझ्या आजारपणात मला सगळ्यात जास्त कोणी छळलं असेल, तर सल्ल्यांनी. ताप एकशेतीनपर्यंत गेला होता, तो औषधाने उतरला. सल्ले अजून उतरलेले नाहीत. त्यात आणखी एकाची भर घालायला मी बसले आहे हे मला कळतंय. पण प्रवासाला निघण्याआधी केमिस्टकडून ‘चांगल्या जंतूंच्या’ कॅप्सूल घेऊन निर्धास्त होणारी माणसं आजूबाजूला इतकी दिसतात, की गप्प बसवत नाही. मीही त्यातलीच होते.

आधी माझं काम सांगते, कारण सगळं रामायण त्या कामापायी झालं. मी बडोद्यात एका इन्स्पेक्शन कंपनीत आहे, ऑफिस गोरव्याला. रसायनांच्या कारखान्यांसाठी दाबाच्या मोठाल्या टाक्या बनतात. त्या ग्राहकाकडे जाण्याआधी तपासायच्या आणि सही करायची, हे आमचं काम. टाक्या देशात कुठेही बनतात, त्यामुळे महिन्यातून दोनदा तरी बाहेरगाव. हे बाहेरगाव मला सहज मिळालेलं नाही. अकरा वर्षं मी टेबलाशी बसून पुरुषांनी तपासलेल्या टाक्यांचे कागद तपासले. आमचे मॅनेजर शाहसाहेब माणूस वाईट नाही, पण मी विषय काढला की ठरलेलं उत्तर, लेडीजना तिथे फावणार नाही, म्हणजे जमणार नाही. शेवटी दोन माणसं एकदम नोकरी सोडून गेली तेव्हा माझा नंबर लागला. मी हेल्मेट घेतलं, बूट घेतले, आणि तिसऱ्याच दौऱ्यात माझं पोट बिघडलं.

मग ते बिघडतच राहिलं. प्रत्येक दौऱ्याला.

चांगले जंतू

निजामपुऱ्यात आमच्या सोसायटीच्या तोंडाशी केमिस्ट आहे. त्याने एक पाकीट काढून दिलं. "बेन, आ सारा बॅक्टेरिया छे. बहारगाम जवाना चार दिवस पहेलां चालू करी दो." पोटात चांगले जंतू भरून ठेवले की वाईटांना बसायला जागाच उरत नाही, असं त्याचं म्हणणं. मला ते पटलं. इंजिनियरला असलं काहीतरी लगेच पटतं.

मी पद्धतच लावून घेतली. निघण्याआधी चार दिवस कॅप्सूल, दौऱ्यात रोज दोन, आल्यावर तीन दिवस. हॉटेलात चहाशिवाय काही नाही. साइटवर जेवणाचा डबा आला की मी माझा दशमी-चटणीचा डबा उघडायची. पाणी घरून, आणि घरून थर्मासभर ताक. ताक आमच्या आईंच्या हातचं. आई म्हणजे माझ्या सासूबाई. पन्नास वर्षं बडोद्यात, त्यातली निम्मी प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये गेलेली, त्यामुळे ताकाला कधी ताक म्हणतात, कधी छाश. त्यांचा कॅप्सूलवर काडीचा विश्वास नव्हता. "पैसे घालून जंतू खायचे? माझ्या छाशमध्ये काय कमी आहेत?" असं त्या म्हणायच्या, आणि मला ते गमतीचं वाटायचं. मी दोन्ही घ्यायची. कॅप्सूल ताकाबरोबर गिळायची, म्हणजे डबल संरक्षण.

तरी पोट बिघडायचं. तेव्हा मी जे केलं ते इथे स्पष्ट लिहिते, कारण ते लिहिण्यासाठीच हा खटाटोप आहे. मी त्याच केमिस्टकडून जुलाब थांबायच्या गोळ्या घ्यायची आणि दोन दिवस घेऊन सोडून द्यायची. डॉक्टरकडे गेले नाही. ऑफिसात कळलं तर दौरे जातील, ही एकच भीती. नणंदेने पुण्याहून कुटजारिष्ट पाठवलं. ऑफिसातल्या एकाने अननस बंद करायला सांगितलं, दुसऱ्याने अननसच खायला सांगितलं. मी सगळ्यांचं ऐकलं. ज्याच्याकडे जायला हवं होतं, तो तेवढा सोडून.

पस्तीसावं मिनिट

हैदराबादच्या बाहेर एका कारखान्यात टाकीची पाण्याची चाचणी होती. टाकीत पाणी भरून दाब चढवतात आणि तो तासभर धरून ठेवतात. काटा हलता कामा नये, आणि इन्स्पेक्टरने समोर उभं राहून ते बघायचं असतं. मध्येच गेलं तर चाचणी धरत नाहीत, परत पहिल्यापासून.

पस्तीसाव्या मिनिटाला माझ्या पोटात कळ आली. मी काट्याकडे बघत राहिले. दात आवळले, आकडे मोजले, आठवतील ते सगळे श्लोक म्हटले. बायकांचं स्वच्छतागृह यार्डाच्या दुसऱ्या टोकाला, त्याला कुलूप, आणि किल्ली गेटवरच्या वॉचमनकडे. चाळिसाव्या मिनिटाला मी पळाले.

परत आले तेव्हा सगळे मला बघून न बघितल्यासारखे उभे होते. चाचणी पुन्हा लावावी लागली, क्रेन अडकून पडली, त्यांचा दिवस गेला. त्यांनी रीतसर मेल पाठवला, आणि तो शाहसाहेबांनी मला समोर बसवून वाचून दाखवला. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. पुन्हा असं झालं तर मला विचार करावा लागेल, एवढंच म्हणाले. विचार म्हणजे काय ते मला माहीत होतं. माझं जुनं टेबल अजून खिडकीजवळ रिकामंच होतं.

मी त्या दिवशी केमिस्टकडून जास्त ताकदीच्या कॅप्सूल आणल्या.

निदान

त्यानंतर महिनाभराने थंडी वाजून ताप आला. उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं, उजवा खांदाही. खांदा बॅग उचलून दुखतोय असं मी ठरवून टाकलं. पाचव्या दिवशी माझ्या नवऱ्याने, सुहासने, मला विचारलंच नाही. तो रासायनिक प्लँटमध्ये शिफ्टला असतो. त्या दिवशी रजा टाकून त्याने रिक्षा बोलावली आणि मला आत बसवलं.

डॉक्टरीणबाईंनी बरगडीवर दोन बोटांनी दाबलं आणि मी किंचाळले. सोनोग्राफी करणारी मुलगी आधी माझ्याशी गप्पा मारत होती, ती मध्येच गप्प झाली. त्या गप्प होण्याने जेवढी भीती वाटली, तेवढी नंतर कशानेच वाटली नाही. लिव्हरमध्ये गळू होतं, लिंबापेक्षा मोठं. आव पाडणारे अमिबा आतड्यातून वर चढले होते. डॉक्टर म्हणाल्या, हे बहुतेक पुरुषांना होतं, बायकांमध्ये क्वचित. इथेही मी पुरुषांच्या रांगेत घुसलेली.

पोट कधीपासून बिघडतंय, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, फक्त दौऱ्यावर गेल्यावर.

"घरी पण होतं तुला," सुहास म्हणाला.

मी त्याच्याकडे रागाने बघितलं. तो मोजायला लागला. गणपतीत, नंतर त्याच्या मित्राकडे जायचं होतं तेव्हा, मागच्या रविवारी. मला एकेक आठवत गेलं. घरी संडास दहा पावलांवर असतो, म्हणून मी ते आजारात धरलंच नव्हतं. यार्डाच्या टोकाला असला की आजार, दहा पावलांवर असला की काही नाही. एवढं मोजमापाचं काम करणारी मी, आणि माझंच मोजमाप असं.

मी पर्समधून कॅप्सूलचं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. खरं सांगायचं तर जरा अभिमानानेच. मी बेफिकीर नव्हते, एवढं तरी त्यांना कळावं.

डॉक्टरांनी पाकीट उलटंसुलटं करून बघितलं. "यांनी तुमचं काही बिघडवलं नाही. कोणाकोणाला प्रवासात थोडा उपयोग होतही असेल. पण अमिबा यांना जुमानत नाही. आणि तुम्ही तपासणीच्या जागी या घेत राहिलात."

दोन-दोन दिवसांच्या गोळ्यांबद्दल सांगितलं, ते त्यांनी कागदावर लिहून घेतलं.

नळी

बरगड्यांमधून सुई घालून पू काढला आणि नळी ठेवली. नळीच्या टोकाला पिशवी, पिशवीत चॉकलेटी रंगाचं काहीतरी. नऊ दिवस ती पिशवी माझ्या सोबत बाथरूममध्ये, खुर्चीवर, सगळीकडे. औषधाने तोंडात सतत गंजलेल्या लोखंडाची चव. पाणीसुद्धा तसंच लागायचं. सकाळी सहाला रक्त, सातला चादर, साडेआठला डॉक्टर, आणि मग संध्याकाळपर्यंत काही नाही. कोणी येईल म्हणून वाट बघायची, आणि कोणी आलं की ते कधी जातील याची.

भेटायला येणारा प्रत्येक जण एकच वाक्य बोलायचा. बाहेरचं खाणं, दुसरं काय. मी पहिले दोन दिवस डबा, दशमी, थर्मास सगळं समजावून सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. तिसऱ्या दिवसापासून मी डोळे मिटून घ्यायला लागले.

चांगल्या गोष्टीही होत्या, त्या लिहिल्या नाहीत तर पाप लागेल. दुपारच्या पाळीच्या सिस्टर पिशवीवर स्वतःहून रुमाल टाकायच्या, येणाऱ्यांना दिसू नये म्हणून. मी त्यांना सांगितलं नव्हतं. आणि सुहास रोज येऊन अर्धा तास काहीही न बोलता पेपर वाचत बसायचा. आमच्या लग्नाच्या इतक्या वर्षांत त्याचं न बोलणं मला पहिल्यांदा आवडलं.

दवाखान्यातूनच मी शाहसाहेबांना तीनदा फोन केला. महिन्यात उभी राहते, माझे दौरे दुसऱ्याला देऊ नका, असं म्हटलं. तिन्ही वेळा ते म्हणाले, पहेलां तबियत.

घरातली तपासणी

घरातल्या सगळ्यांच्या शौचाची तपासणी करा, असं डॉक्टरांनी सांगितलं. सुहासचा रिपोर्ट साफ आला. आईंचा साफ नव्हता. त्यांच्या पोटात तेच जंतू होते, आणि त्यांना कधी साधा पोटदुखीचा त्रास झालेला नव्हता. असं असतं म्हणे. माणूस ठणठणीत राहतो आणि दुसऱ्याला देतो.

मग माठ आठवला. आमच्याकडे पाणी शुद्ध करायचं यंत्र आहे. पण त्या पाण्याचं ताक फुळकवणी लागतं म्हणून आई ताकाला माठातलं पाणी घ्यायच्या, आणि माठ नळाखाली भरायच्या. माझे दौरे सुरू झाले त्याच सुमाराला रस्ता खोदून गटाराची लाईन टाकली, तेव्हा पंधरा दिवस नळाला पिवळं पाणी होतं. आम्ही यंत्राची गाळणी बदलली. माठाकडे कोणाचंच लक्ष गेलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी देशभर हॉटेलांवर संशय घेत हिंडले, आणि संरक्षण म्हणून थर्मासमधून बहुधा तेच पीत राहिले. डॉक्टर म्हणाल्या, नक्की कुठून आलं हे सांगता येणार नाही, पाणी असेल, हात असेल, बाहेरचंही असू शकेल. मला मात्र शंका उरली नाही.

मला राग आला. म्हाताऱ्या माणसावर रागवायचं नसतं, त्यांनी प्रेमाने केलं होतं, हे सगळं मला पाठ आहे. तरी आला. माझ्या नोकरीवरच्या संकटाला, लिव्हरच्या गळवाला आणि नऊ दिवसांच्या नळीला तो माठ कारण होता आणि मी तो फोडूही शकत नव्हते. आपलेच दात, आपलेच ओठ.

मी घरी आल्यावर सुहासने त्यांना सांगितलं. मी आतल्या खोलीत पडून ऐकत होते. आईंनी ऐकून घेतलं. मग माझ्या पलंगाशी येऊन बसल्या.

"मी हात धुते गं," त्या म्हणाल्या. "नेहमी धुते."

मी म्हटलं, "माहिती आहे मला, आई."

"तुला एक सांगते. कोणाला बोलू नकोस. मंडळात कळलं तर माझ्या हातचा प्रसाद कोणी घेणार नाही."

दर गुरुवारी त्यांचं भजनी मंडळ असतं, सोसायटीतल्याच बायका, निम्म्या मराठी, निम्म्या गुजराती. प्रसादाचा शिरा वर्षानुवर्षं आईंकडे. सासरे गेल्यावर त्या घराबाहेर पडायच्या त्या एवढ्यासाठीच. मी वचन दिलं. सुहासनेही दिलं. आईंनी औषधाचा कोर्स पूर्ण केला, दुसरी तपासणी साफ आली. माठ त्यांनी स्वतःच गच्चीवर नेऊन पालथा घातला. आणि ताक करणंच सोडलं. करा म्हणून मी सांगितलं नाही, हे माझ्या मनाला अजून लागतं.

शाहसाहेब येतात

घरी येऊन तीन आठवडे झाल्यावर शाहसाहेब पत्नीसह भेटायला आले. सफरचंदं, नारळपाणी, सगळं रीतसर. त्यांच्या पत्नीचं माहेर निजामपुऱ्यातलंच, त्यांची मावशी आमच्या सोसायटीत राहते आणि आईंच्याच मंडळात आहे. चहा झाला. मग साहेबांनी मुद्द्याला हात घातला.

"मेधाबेन, हवे बहारनुं बंध," ते म्हणाले. "ऑफिसमां बेसो, घरनुं खाओ."

म्हणजे दौरे आता बंद, खिडकीजवळचं टेबल त्यांनी माझ्यासाठी साफ करून घेतलं होतं. हे त्यांनी फार मायेने सांगितलं. बोलण्यासारखं एकच होतं. हे बाहेरचं नाही, घरचं आहे. माझ्या पोटाला दौरा झेपत नाही असं नाही, मी आजार घरातून घेऊन जात होते. एका वाक्यात माझे दौरे परत मिळाले असते. ते वाक्य मी तोंडात धरून बसले. सुहास माझ्याकडे बघत होता. त्यालाही तेच कळत होतं.

मी म्हटलं, "बघू, सर." अकरा वर्षं भांडून मिळवलेलं काम मी असं दोन शब्दांत सोडलं, आणि माझा आवाज रडवेला झाला, तो मला आवरता आला नाही.

आई दारात ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला आणि पदराला हात पुसले.

"साहेब, आ रोग ए बहारथी नथी लावी," त्या म्हणाल्या. "मारा हाथनी छाशमांथी गयो छे. मारो रिपोर्ट छे, जोवो होय तो बतावुं. हवे मटी गयुं छे. तमे एनुं काम बंध ना करता."

आजार मी बाहेरून आणला नाही, त्यांच्या हातच्या ताकातून आला, त्यांचा रिपोर्ट आहे, आता बरं झालंय, हिचं काम बंद करू नका, हे सगळं त्यांनी एका दमात सांगितलं. शाहबेनच्या हातात आईंनीच आणून दिलेला पाण्याचा ग्लास होता. त्यांनी तो हळूच खाली ठेवला. आईंनी ते बघितलं. मीही बघितलं.

नंतर

पुढच्या सोमवारी दौऱ्यांच्या यादीत माझं नाव होतं, पुढच्या महिन्यापासून. मला आनंद झाला, आणि त्याच क्षणी अंगाची लाहीलाही झाली. मी तीनदा फोन करून सांगितलं ते त्यांना ऐकू गेलं नाही. त्यासाठी एका म्हाताऱ्या बाईला चारचौघांत स्वतःचा रिपोर्ट काढावा लागला.

कामाचं तेवढं सांगते. कॅप्सूल घ्यायच्या असतील तर घ्या, मी काही त्यांच्यावर दात धरून नाही. पण पोट पुन्हा पुन्हा बिघडत असेल तर लाज सोडून तपासणी करा. दोन दिवसांच्या गोळ्यांनी झाकू नका. नोकरी जाईल म्हणून लपवत असाल तर मी तुम्हाला नावं ठेवणार नाही, पण लपवल्याने माझी वाचली नाही. आणि घरचं म्हणून डोळे मिटून पिऊ नका.

त्या आठवड्याच्या गुरुवारी आईंनी नेहमीसारखा शिरा केला. हात कोपरापर्यंत धुताना मी त्यांना बघितलं, दोनदा, साबण लावून. मोठा डबा भरून त्या मंडळात गेल्या. तास-दीड तासाने परत आल्या. चप्पल काढली, डबा ओट्यावर ठेवला आणि देवघराकडे गेल्या. मी झाकण उघडलं. वर पेरलेले बदामाचे काप जागच्या जागी होते.

"आज सगळ्यांचा उपास निघाला," आतून आई म्हणाल्या.

मी दोन ताटल्या घेतल्या आणि त्यांना हाक मारली. त्या आल्या, खाली बसल्या. मी त्यांना वाढलं, स्वतःला त्याहून जास्त वाढून घेतलं. आम्ही दोघींनी सगळा डबा संपवला. सुहास शिफ्टवरून येणार होता, पण त्याच्यासाठीही ठेवला नाही.